बिनडोळ्याचा पोपट

लग्न होऊन आर्वीजवळच्या त्या गावात आले तेव्हा मी कशालाच भीत नव्हते. सापाला नाही, अंधाराला नाही, सासूला तर नाहीच. वर्ध्याला वाढलेली, मॅट्रिक झालेली, वर शिवण-भरतकामाच्या वर्गात पहिली आलेली मुलगी मी. खेड्यात दिली म्हणून मनातून जरा घुश्श्यातच होते. रुखवतात मी स्वतः भरलेले हत्ती आणि मोर मांडले होते आणि बायकांनी तोंडात बोटं घातली होती. त्यामुळे आपल्या हातून चूक म्हणून होत नाही, अशी एक घमेंड मी सासरी बरोबर आणली होती. बाकी आहेर बेताचाच होता, ती मात्र भरपूर होती.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाईंना भेव फार. भीती हा शब्द मी पुस्तकात वाचला होता. भेव काय असतं ते त्या घरात कळलं. यांची नोकरी आर्वीला, जिनिंगमध्ये. सकाळी हे सायकलवर टांग टाकून निघाले की आत्याबाई दारात उभ्या राहायच्या, सायकल बाभळीच्या वळणाआड जाईपर्यंत. संध्याकाळी हे आले की बाजारातून आणलेलं वांगं किडकं तर नाही ना, तसं यांना वरपासून खालपर्यंत बघून घ्यायच्या आणि मगच चुलीकडे वळायच्या. हे त्यांचे एकुलते एक. तोंडावर देवीचे वण, आणि स्वभावाने असे हसरे की ते वणसुद्धा हसल्यासारखे दिसत. मला आत्याबाईंचं ते दारात उभं राहणं बघून हसू यायचं. एकदा मी यांना म्हटलंही, "तुमच्या आईनं तुम्हाला दोरी बांधून पाठवलं असतं तर बरं झालं असतं." हे हसले. आत्याबाईंनीही ते ऐकलं.

त्याच हिवाळ्यात त्यांनी ट्रंकेतले कपडे उन्हाला घातले, तेव्हा मी पहिल्यांदा ती कुंची पाहिली. कुंची म्हणजे तान्ह्या बाळाचं टोपरं आणि झूल एकातच. डोक्यावर घातली की पाठीवरून खाली कंबरेच्याही खाली येते. ही कुंची लाल कापडाची होती, आणि तिच्यावरचं काम बघून मी जागच्या जागी बसले. पाठीवर समोरासमोर दोन मोर, मध्ये कलश, भोवती वेल. एक पान दुसऱ्यासारखं नाही आणि तरी सगळी वेल एका श्वासात काढल्यासारखी. आमच्या वर्गातल्या बाईंनासुद्धा हे जमलं नसतं. घरात समजूत अशी होती की आत्याबाईंच्या सासूच्या सासूनं कुठल्याशा राजवाड्यातल्या बाळाची कुंची पाहिली आणि घरी येऊन आठवून आठवून तो नमुना उतरवला.

पण खालचा काठ राजवाड्यातला नव्हता. तिथं पोपट होते, ओळीनं, घरात जन्मलेल्या प्रत्येक लेकराचा एक. हे घरच्या बायकांनी आपल्या मनानं घातलेलं होतं. एका पोपटाचा पाय वाकडा. ते चुलतसासरे, ते लंगडत. एकाच्या चोचीत लाल मिरची. ते माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. मी लग्न होऊन यायच्या आधीच ते गेलेले, पण त्यांच्या रागाच्या गोष्टी अजून गावात चालतात. वरचे मोर दरबारी थाटात उभे आणि खाली आमचं हे घरचं भांडकुदळ खटलं. मला ते भारी आवडलं.

"अस्तर फाटलं आहे," आत्याबाई म्हणाल्या. "तुले येते त नीट करून ठेव. कामी पडीन." आणि त्या शेतात कापूस वेचायला गेल्या.

अस्तर शिवून झालं. मग माझं लक्ष काठाकडे गेलं. ओळीतल्या शेवटच्या तीन पोपटांना डोळेच नव्हते. बाकी सगळं होतं, चोच, गळ्यातली लाल रेघ, शेपटी, आणि डोळ्याच्या जागी कोरं कापड. मला वाटलं, आत्याबाईंना गाठीचा टाका जमत नसणार. येत नाही तर येत नाही, त्यात लाजायचं काय! मी काळा रेशमी दोरा घेतला, सुईला दोन वेढे दिले आणि तिन्ही पोपटांना डोळे भरून टाकले. असे सुबक बसले म्हणता! संध्याकाळी त्या शेतातून आल्या, हातपाय धुतले, तेव्हा मी कुंची त्यांच्यापुढे धरली. कौतुक करतील म्हणून वाट बघत होते.

आत्याबाई मटकन खाली बसल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, रागावणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. त्यांचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला. म्हणाल्या, "काऊन केलं वं पोरी हे?"

मग त्यांनी सांगितलं. या घरात पोपट बारशाला काढतात, पण डोळा भरत नाहीत. लेकराला देवी येऊन गेल्या आणि ते वाचलं, की मग डोळा भरायचा. तोवर ते आपलं म्हणायचं नाही.

"हे पह्यले दोन माहे," त्या बोट लावून म्हणाल्या. "एकाच हप्त्यात गेले दोघंबी."

"आणि हा तिसरा?"

त्या दाराकडे बघायला लागल्या. यांच्या यायची वेळ झाली होती.

तिसरा कोण ते मला कळलं. तरी मी माझं शहाणपण सोडलं नाही. म्हटलं, "पण आत्याबाई, यांना तर देवी येऊन गेल्या ना? तोंडावर वण आहेत की. मग यांना का नाही दिला डोळा?"

"देवी गेल्या, त गावात पटकी आली. म्हटलं, हे जाऊ दे. मंग हा नदीवर पोहाले जाऊ लागला. मंग सायकल घेतली त्यानं. तूच सांग, कधी देऊ? डोळा देल्ला म्हंजे मी म्हटलं का झालं, आता याले काही होत नाई. असं कोन्या तोंडानं म्हणू मी?"

मी सुई उचलली. "उसवून टाकते. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी माझा हात असा घट्ट धरला की बांगडी रुतली. "भरला डोळा फोडतात का, पोरी?"

म्हणजे ठेवायचा तरी भेव आणि काढायचा तरी भेव. तेवढ्यात बाहेर सायकलची घंटी वाजली आणि आम्ही दोघी दचकलो. हे आत आले, हकिकत ऐकली आणि हसायला लागले. "म्हणूनच आज रस्ता साफ दिसून राह्यला होता मले," म्हणाले. त्यांच्याबरोबर मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी हे निघाले तेव्हा आत्याबाई बाभळीच्या वळणापर्यंत चालत गेल्या आणि मी त्यांना हसले नाही.

पुढे मला दिवस राहिले आणि माझं उरलंसुरलं हसू आटलं. पोटातल्या लेकरासाठी काही शिवायचं नाही, विणायचं नाही, असा तिथला दंडक. माझे हात शिवशिवत. पण त्याहून वाईट एक विचार होता, तो मी कोणालाच सांगितला नाही. ती दोन मुलं जाऊन इतकी वर्षं झाली; त्यांना डोळे नव्हते तोवर ती आपली काठावर गप बसून होती. मी त्यांना डोळे दिले. आता त्यांना दिसत असेल का? आणि दिसत असेल तर ती कोणाकडे बघत असतील? मॅट्रिकच्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. कुंची ज्या ट्रंकेत होती ती माझ्या खाटेखाली असायची. मी ती ओढून कोठीत नेऊन ठेवली आणि वर ज्वारीचं पोतं ठेवलं. आत्याबाईंनी ते पोतं पाहिलं. नंतर त्यांनी त्यावर आणखी एक पोतं ठेवलं.

मुलगी झाली, वर्ध्याला माझ्या माहेरी, ऐन कापसाच्या दिवसांत. बारशाला आत्याबाई एस.टी.नं आल्या, कुंची फडक्यात गुंडाळून मांडीवर धरून आणलेली, पिशवीतसुद्धा टाकली नव्हती. पोपट मला काढायला सांगितला. मी काढला, चोचीत कापसाचं फुटलेलं बोंड दिलं. डोळ्याची तिळाएवढी जागा कोरी सोडली. सगळ्या पोपटात मला ती तेवढी जागाच दिसत होती.

आणि मग एक गंमतच झाली. देवीच नाहीशी झाली. आमच्या गावात भिंतीवर गेरूनं लिहिलेलं होतं, देवीचा रोगी दाखवा आणि बक्षीस मिळवा. पण दाखवायला रोगी उरलाच नाही. टोचणारे येऊन सगळ्यांची मनगटं बघून गेले. गाव खूश झालं. आमच्या घरात मात्र पेच पडला. देवीच येणार नसेल तर पोरीला डोळा भरायचा कधी? मी यांना हे विचारलं तेव्हा हे म्हणाले, "सरकारले अर्ज कर, का आमच्यापुरती एक देवी ठेवा." आत्याबाईंनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "गोवर त येऊन जाऊ दे."

गोवर आला. पोरगी तीन वर्षांची होती, थंडी सरत आली होती, शेताच्या धुऱ्यावर पळस फुलला होता. आधी ताप, मग अंगभर लाल पुरळ, आणि मग तिचे डोळे मिटले ते उघडेनात. चिपडांनी पापण्या चिकटलेल्या, सुजलेल्या. एस.टी.नं आर्वीला नेली. डॉक्टर भले होते, रोज अशी पोरं बघणारे. म्हणाले, उजेडात नेऊ नका, उकळून गार केलेल्या पाण्यानं डोळे पुसा, अंगावरचं पुरळ निघून जाईल. आणि औषध लिहिता लिहिता सहज म्हणाले, "डोळ्यांवर लक्ष ठेवा. कधी कधी नजरेवर जातं."

बाकी सगळं मी विसरले. परत येताना एस.टी.त पोरगी मांडीवर, तिचं तोंड माझ्या पदराखाली, आणि माझ्या डोक्यात फक्त ती तिळाएवढी कोरी जागा. मीच सोडलेली, माझ्या हातानं. आपण बिनडोळ्याचा पोपट काढला आणि तिचे डोळे गेले, असं वाटायला लागलं. मला कोणी हे आधी सांगितलं असतं तर मी त्याची टर उडवली असती. आता माझीच दातखीळ बसली होती.

दाराला कडुनिंब लावला, घरात फोडणी बंद झाली, खिडकीवर गोणपाट टांगलं. भर दुपारी खोलीत अंधार. मी खाटेवर पोरीला घेऊन बसले होते तर आत्याबाई आत आल्या. त्यांच्या हातात कुंची होती आणि सुई, काळा दोरा ओवलेली. त्यांना तेव्हा सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं; शेजारच्या बाईकडून ओवून आणली होती.

"भर डोळा," म्हणाल्या.

"आत्याबाई, अजून ताप आहे तिला. अजून पार नाही झाली ती."

"म्हणून त म्हणतो. तुह्या हातचा डोळा त्याले लागू पडला. इतके साल झाले, सायकल चालवते, नदीत पोहते, काही झालं का त्याले? मी भेतच राह्यली आन तू भरून टाकला. तसाच भर."

मी सुई घेतली. अंधारात चाचपून कोरी जागा शोधली. आणि माझा हात लाकडासारखा झाला. पहिल्या वेळी मी भरले तेव्हा मला काही माहीत नव्हतं, म्हणून हात चालला होता. आता माहीत होतं. भरला आणि तिचे डोळे उघडले नाहीत तर? नाही भरला आणि उघडले नाहीत तर? विश्वास ठेवणाऱ्या आत्याबाईंना एकदाची हिंमत झाली होती आणि विश्वास न ठेवणारी मी घामानं भिजून बसले होते. मी म्हटलं, "मला नाही होत हो." आणि रडायला लागले.

आत्याबाईंनी जोर केला नाही. त्या माझ्या शेजारी टेकल्या. सुई माझ्याच हातात राहिली. आम्ही दोघी तशाच बसलो. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या, पोरीचा श्वास घरघरत होता, आणि मी प्रत्येक श्वासाबरोबर पुढचा येतो की नाही ते ऐकत होते.

"आई, ते बुजव," पोरगी म्हणाली.

"काय गं?"

"ते भोक. डोळ्यात जाते."

गोणपाटाला एक भोक होतं. त्यातून उन्हाचा कवडसा आत येत होता आणि पोरगी एक पापणी किलकिली करून बरोबर त्याच्याकडे हात करत होती. मी उठून त्या भोकावर तळवा धरला, नुसती उभी राहिले, हसत होते की रडत होते कोण जाणे. आत्याबाई पोरीच्या अंगावरून हात फिरवत "दिसलं वं बाप्पा, दिसलं तिले," एवढंच म्हणत राहिल्या.

चार दिवसांनी ताप गेला, पोरगी अंगणात धावायला लागली. आत्याबाईंनी विचारलं, "भरतं का आता?"

"उद्या भरते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि कुंची घडी करून ट्रंकेत ठेवली. पुन्हा कधी विचारलं नाही.

तो उद्या काही आला नाही. गोवर झाला तर म्हटलं विहिरीला कठडा नाही, तो होऊ दे. कठडा झाला तर ती शाळेत जायला लागली, वाटेत नाला. मग कावीळ झाली. मग सायकल शिकली. मी दारात उभी राहून तिला बाभळीच्या वळणापर्यंत बघायला लागले. एकदा ती शाळेतून उशिरा आली तर मी तिचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, आणि पाहता पाहता लक्षात आलं की हे मी कोणाचं बघून शिकले. माझी घमेंड कुठे गेली ते मला कळलंही नाही. तिच्या जागी भेव येऊन बसलं होतं, अगदी घरच्यासारखं.

पोरगी दहावी चांगल्या गुणांनी पास झाली आणि म्हणाली, वर्ध्याला कॉलेजात जाते, मुलींच्या वसतिगृहात राहते. मी म्हटलं, नाही. आर्वीला कॉलेज आहे, रोज जा-ये कर. ती म्हणाली, मला शास्त्र घ्यायचं आहे. मी म्हटलं, मग माझ्या माहेरी राहा, वसतिगृहात कोण बघणार तुझ्याकडे? ती म्हणाली, "मीच बघीन ना माह्याकडे!" घरात दोन दिवस जेवणं आदळआपट करत झाली. हे तिच्या बाजूचे. यांनी मला न विचारताच कोठीतली जुनी ट्रंक बाहेर काढून तिला रिकामी करायला दिली आणि आपण कामावर निघून गेले.

मी शेतातून आले. पोरगी ओसरीत बसली होती, भोवती ट्रंकेतले कपडे, मांडीवर कुंची, दातात दोरा.

"आई, सगळ्यांच्या पोपटाले डोळा आहे, माह्यालेच नाई ठेवला तू," ती म्हणाली. "भरून टाकला मी."

मी मटकन खाली बसले. तिला भरतकामाचं अंग नाही, माझं काही उचललं नाही तिनं. गाठ मोठी, ढिली, जागेपासून जरा सरकलेली. पोपट डोळे वटारून बघतो आहे असं दिसत होतं. पोरगी घाबरली. "काय झालं? चुकलं का? उसवू?"

आत्याबाई आतल्या खाटेवर होत्या. त्यांचे डोळे तेव्हा मोतीबिंदूनं जवळजवळ गेले होते, पण कान शाबूत. "काय वं? काय झालं?" म्हणत भिंत धरून ओसरीत आल्या. मी कुंची त्यांच्या हातात दिली. त्यांनी काठावरून अंगठा फिरवत नेला, मिरचीवाला पोपट, मग त्यांचे दोन, मग हे, आणि शेवटच्यावर येऊन थांबल्या. ती ओबडधोबड गाठ त्यांनी दोनदा चाचपली.

"कोनं भरला?"

"तिनंच."

त्यांनी कुंचीची घडी घातली. मग कुंची माझ्याकडे परत देत म्हणाल्या, "बरं झालं. आपल्या दोघीच्यानं झालंच नसतं."

पोरगी अजून विचारत होती, उसवू का, चांगला नीट भरून देतेस का तू. मी म्हटलं, "नको. भरलेला डोळा काढत नाहीत. राहू दे तसाच."

मग मी उठले, तिचे कपडे एकेक घडी करून ट्रंकेत रचायला लागले. दोन घड्या मोडून पुन्हा घातल्या. तरी ट्रंक भरली.